देवमाशाच्या हाडाचा भोवरा

विशेष प्रतिनिधी

देवमाशांच्या शिकारीसाठी तीन-तीन, चार-चार वर्षे घराबाहेर राहणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी खलाशांनी फावल्या वेळात घडविलेली खेळणी आज संग्रहालयांत मानाने मांडलेली दिसतात. ती कशी तयार होत असत, त्यांतील अस्सल कोणती आणि ‘खलाशी बापाने मुलासाठी केलेले’ या शब्दांवर कितपत विश्वास ठेवावा, याचा हा आढावा.

जुन्या खेळण्याचे वय ठरविणे जाणकाराला फारसे अवघड जात नाही. ते कोणी केले आणि कोणत्या मुलाच्या हाती दिले, या प्रश्नांची उत्तरे मात्र बहुधा खेळण्यासोबत उरत नाहीत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील खलाशांनी केलेल्या खेळण्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. देवमाशाच्या हाडाचे भोवरे, डॉमिनोच्या सोंगट्या, बाहुलीचे चिमुकले पलंग व पाळणे, शिट्ट्या अशा वस्तू संग्रहांत आहेत. लिलावांत त्यांना चांगली किंमत येते आणि त्या किमतीत हाडापेक्षा त्यामागील कथेचा वाटा पुष्कळदा मोठा असतो. दूर समुद्रावर असलेला बाप, घरी वाट पाहणारे मूल आणि दोघांमधील दुवा म्हणून एक खेळणे, ही कथा मनाला भिडणारी आहे. ती खरी केव्हा असते आणि केव्हा नसते, हे समजून घ्यायचे तर प्रथम त्या खलाशांचे जीवन पाहिले पाहिजे.

चार वर्षांची फेरी

अठराव्या शतकात नान्टकेट हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील छोटेसे बेट देवमाशांच्या शिकारीचे जगातील प्रमुख केंद्र बनले. पुढे तो मान मुख्य भूमीवरील न्यू बेडफर्ड या बंदराकडे गेला. वीज आणि रॉकेल येण्यापूर्वीच्या त्या काळात घरातील दिवे, दीपगृहे आणि कारखान्यांतील यंत्रे यांना देवमाशाचे तेल लागे. स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थापासून उत्तम मेणबत्त्या होत. १८४६ च्या सुमारास अमेरिकेची सातशेहून अधिक जहाजे या धंद्यात होती.

अटलांटिक महासागरातील देवमासे कमी होत गेले तशी ही जहाजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून प्रशांत महासागरात, पुढे जपानच्या समुद्रात आणि अखेर उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात शिरू लागली. फेरी लांबत गेली. तीन ते चार वर्षे हा नेहमीचा हिशेब झाला. पिंपे तेलाने भरल्याशिवाय परतायचे नाही, हा धंद्याचा दंडक होता आणि त्याला खलाशांचा पगारही बांधलेला होता. ठरावीक वेतनाऐवजी प्रत्येकाला नफ्याचा ठरलेला हिस्सा मिळे. पुढे ‘मोबी डिक’ ही कादंबरी लिहिणारा हर्मन मेलव्हिल १८४१ मध्ये ‘अकुश्नेट’ या जहाजावर नोकरीला लागला, तेव्हा त्याचा हिस्सा होता १७५ वा. हाती काही पडायचे तर ते जहाज परतल्यावरच.

घरी याचा अर्थ काय होता, हे सांगायला नकोच. बाप जाताना पाळण्यात असलेले मूल तो परतेपर्यंत शाळेच्या वयाचे झालेले असे. पत्रांचा भरवसा नव्हता. समुद्रात दोन जहाजे भेटली की पत्रांची देवाणघेवाण होई. प्रशांत महासागरातील गालापागोस द्वीपसमूहाच्या फ्लोरिआना या बेटावर एक लाकडी पिंप ठेवलेले असे. जाणाऱ्या जहाजाने त्यात पत्रे टाकावीत आणि घरी परतणाऱ्याने ती काढून न्यावीत, असे ते बिनपोस्टमास्तरचे टपाल कार्यालय होते. नान्टकेटमध्ये पुरुषांच्या अनुपस्थितीत दुकाने आणि व्यवहार बायकाच पाहत. तेथील सेंटर स्ट्रीटच्या एका भागाला ‘पेटिकोट रो’ असे नाव पडले ते त्यामुळेच.

रिकामा वेळ आणि मुबलक हाड

अशा जहाजावर काम एकतर जिवावर बेतणारे असे किंवा अजिबात नसे. देवमासा दिसला की सहा-सहा माणसांच्या होड्या समुद्रात सोडल्या जात. शिकार साधली तर चरबी कापणे आणि वितळविणे हे काम दिवसरात्र चाले. मग आठवडेच्या आठवडे क्षितिजावर काही दिसत नसे. होड्या वल्हविण्यासाठी मालवाहू जहाजापेक्षा कितीतरी अधिक माणसे ठेवावी लागत आणि त्यांना एरवी पुरेसे काम नसे. या रिकाम्या वेळातून ‘स्क्रिमशॉ’ ही कारागिरी जन्मली. या शब्दाची व्युत्पत्ती अद्याप निश्चित झालेली नाही. देवमाशाचे दात, हाडे आणि जबड्यातील लवचीक पट्ट्या यांपासून खलाशांनी केलेल्या कोरीव व घडीव वस्तूंना हे नाव आहे.

कच्चा माल फुकट होता. स्पर्म व्हेलच्या खालच्या जबड्यात चाळीस ते पन्नास मोठे शंक्वाकृती दात असतात. तेलाच्या धंद्याला त्यांचा उपयोग नव्हता. त्याच जबड्याचे हाड रुंद आणि घट्ट असते. त्यातून सपाट फळ्या काढता येतात. दाताचा पृष्ठभाग मुळात खडबडीत. तो कानशीने घासून, शार्क माशाच्या खरखरीत कातडीने आणि प्युमिस दगडाने गुळगुळीत केला जाई. मग शिडे शिवण्याच्या जाड सुईने किंवा खिशातील चाकूने रेघा ओढायच्या आणि त्यांत दिव्याची काजळी किंवा शाई चोळायची. वरची पुसली की रेघांतील काळा रंग तेवढा राही. ज्याला चित्र काढता येत नसे तो सचित्र मासिकातील पान दातावर गुंडाळून सुईने टोचून आकृती उतरवून घेई.

घरासाठी केलेल्या वस्तूंची यादी पाहिली तर मराठी वाचकाला काही ओळखीचे सापडेल. लोकरीच्या लडी उलगडण्यासाठी छत्रीसारखा मिटणारा, शंभरावर भागांचा फाळका हा कौशल्याचा कळस मानला जाई. त्याखालोखाल लोकप्रिय वस्तू म्हणजे आपल्या करंजीच्या कातण्यासारखे, पायच्या कडा कापण्याचे नक्षीदार चाक. लाटणी, कपडे वाळत घालण्याचे चिमटे, शिवणाच्या पेट्या आणि हातातील काठ्याही होत.

या घरगुती वस्तूंच्या रांगेतच खेळणी येतात. त्यांत दोन प्रकार दिसतात. पहिला प्रकार लेथवर फिरवून करण्याच्या वस्तूंचा. पिंपे बांधणारा कारागीर आणि सुतार जहाजावर असतच. त्यांच्या हत्यारांवर भोवरा, शिट्टी किंवा काठीला दोरीने बांधलेला चेंडू कपात झेलण्याचे खेळणे करता येई. दुसरा प्रकार जोडकामाचा. बाहुलीचा पलंग, पाळणा, खुर्ची यांचे भाग जबड्याच्या हाडातून कापून बारीक खिळ्यांनी जोडले जात. हाड लाकडाप्रमाणे तासता येते, पण चुकीच्या दिशेने जोर दिला तर तडकते. म्हणून पातळ कठडे आणि वाकविलेले तळ असलेला पाळणा हे सोपे काम नव्हे. एवढे कष्ट घेणाऱ्याजवळ वेळ भरपूर होता, हेही त्यातून कळते.

ही झाली टिकलेल्या खेळण्यांची गोष्ट. खलाशाच्या हाताशी हाडापेक्षाही अधिक असे ते लाकूड आणि दोर. न्यू बेडफर्डमध्ये जन्मलेल्या क्लिफर्ड ॲशली यांनी १९४४ मध्ये गाठींवर प्रसिद्ध केलेल्या प्रचंड ग्रंथात साडेतीन हजारांहून अधिक नोंदी आहेत. खलाशी दोराशी किती खेळत असत याची त्यावरून कल्पना येते. लाकडी होड्या आणि दोराचे चेंडू मुलांनी वापरून संपविले असणार. लाकूड कुजले, दोर विरला, हाड राहिले. संग्रहालयातील कपाट पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.

दातावर सही, खेळण्यावर नाही

चित्रे कोरलेल्या दातांचे काही कर्ते नावानिशी माहीत आहेत. नान्टकेटचा एडवर्ड बर्डेट हा सुरुवातीच्या ज्ञात कारागिरांपैकी एक. १८३३ मध्ये शिकारीच्या वेळीच त्याचा मृत्यू झाला. फ्रेडरिक मायरिक याने १८२८-२९ मध्ये ‘सुझन’ या जहाजावर कोरलेले तीसहून अधिक दात आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील अनेकांवर त्याची सही व तारीख आहे.

खेळण्यांवर अशी सही अपवादानेच आढळते. कारण उघड आहे. दात हा दाखविण्याचा ऐवज होता. खेळणे घरात द्यायचे होते आणि देणारा कोण हे घरातील सर्वांना ठाऊकच होते. त्यामुळे ते माहितीचे सूत्र एक-दोन पिढ्यांत तुटले. खेळणे विकले गेले, वाटणीत दुसऱ्या घरी गेले किंवा माळ्यावर पडून राहिले. शंभर वर्षांनी सापडले तेव्हा त्यासोबत नाव नव्हते.

दुसरी गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या जहाजांवरील सर्वसाधारण खलाशी बापच नव्हते. पहिल्या फेरीला निघालेले बहुतेक जण विशीतील अविवाहित तरुण असत. त्यांत न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांची मुले, कृष्णवर्णीय अमेरिकी, स्थानिक वाम्पानोग आदिवासी, अझोर्स आणि केप व्हर्दे बेटांवरील पोर्तुगीज भाषक आणि प्रशांत महासागरातील बेटवासी असत. त्यांनी केलेल्या वस्तू आई, बहीण किंवा प्रेयसी यांच्यासाठी आणि खेळणी धाकट्या भावंडांसाठी किंवा भाच्यांसाठी असू शकत. एकामागून एक फेऱ्या करणारे, संसार असलेले लोक मुख्यत्वे कप्तान, त्यांचे दुय्यम अधिकारी आणि कुशल कारागीर यांच्यात होते. दात आणि हत्यारे यांवर पहिला हात त्यांचाच. त्यामुळे ‘बापाने केलेले’ ही शक्यता अधिकाऱ्याच्या घराण्यातून थेट आलेल्या खेळण्याबाबत अधिक बळकट ठरते.

काही कप्तानांनी विरहावर वेगळाच तोडगा काढला. ते बायकामुलांना जहाजावरच नेऊ लागले. मार्था’ज् व्हिनयार्ड बेटावरील एडगरटाउनची लॉरा जर्नेगन ही सहा वर्षांची असताना १८६८ मध्ये आईवडील आणि धाकट्या भावाबरोबर ‘रोमन’ या जहाजावर निघाली. तेथे तिने लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. हवापाणी, घडलेल्या लहानसहान घटना आणि जहाजाला लावून कापले जाणारे देवमासे यांच्या नोंदी तीत आहेत. ज्या प्राण्याच्या हाडातून खेळणे होते, त्याची कत्तल या मुलीने अगदी जवळून पाहिली होती.

या धंद्याची अखेर हळूहळू झाली. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि रॉकेल स्वस्त झाले. १८७१ मध्ये अलास्काच्या उत्तरेस बर्फात अडकून ३३ जहाजे सोडून द्यावी लागली. बाराशेवर माणसे वाचली, धंदा सावरला नाही. त्या काळातील एकच लाकडी शिकारी जहाज आज शिल्लक आहे. १८४१ मध्ये बांधलेले ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे जहाज कनेटिकट राज्यातील मिस्टिक सीपोर्ट येथे जतन केलेले आहे.

कैदेतली कारागिरी

हाडाच्या जुन्या खेळण्यांचा एक मोठा साठा इंग्लंडमध्ये आहे. त्याची हकीकत वेगळी असून ती ठाऊक नसल्यास घोटाळा होतो. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांत पकडलेले खलाशी आणि सैनिक ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे छावणी उभारली. ती १७९७ मध्ये सुरू झाली आणि १८१४ मध्ये रिकामी झाली. शिध्यातून मिळणाऱ्या मांसातील हाडे उकळून स्वच्छ करायची आणि त्यांतून वस्तू घडवायच्या, हा कैद्यांचा उद्योग होता. डॉमिनोचे संच, जहाजांच्या प्रतिकृती आणि हालणारी खेळणी ते करीत. एका लोकप्रिय खेळण्यात चरख्यापाशी बसलेली बाई असे. बाजूची कळ फिरविली की दोऱ्यांच्या साहाय्याने चाक आणि बाहुली दोन्ही हलत.

ही खेळणी छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकली जात. त्या पैशांतून कैदी अन्न आणि कपडे घेत. यांच्यापैकी अनेकांची मुले फ्रान्समध्ये असतील, पण खेळणी गेली ती इंग्रज मुलांच्या हाती. पीटरबरोच्या संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. हे हाड गुराढोरांचे आहे आणि काम विक्रीसाठी केलेले आहे. म्हणून अशा खेळण्यास देवमाशाच्या शिकाऱ्याचे वात्सल्य चिकटविणे इतिहासाला धरून नाही.

गोड कथेचा फोलपणा

कथा आणि पुरावा यांत अंतर कसे पडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘सेलर्स व्हॅलेंटाइन’. अष्टकोनी लाकडी पेटीत रंगीबेरंगी शिंपल्यांची नक्षी आणि मधोमध प्रेमाचा संदेश, असे याचे स्वरूप. लांबच्या फेरीवर खलाशांनी ही नक्षी स्वतः भरली, असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे काही पेट्यांवर बार्बाडोस बेटावरील ब्रिजटाउन येथील एका नवलाईच्या वस्तूंच्या दुकानाची चिठ्ठी आढळली आणि शिंपल्यांच्या मागे तेथील वर्तमानपत्रांचे कागद निघाले. त्या पेट्या स्थानिक लोकांनी विक्रीसाठी केल्या होत्या. खलाशांनी त्या विकत घेतल्या होत्या. भेट देणाऱ्याचे प्रेम त्यामुळे कमी ठरत नाही. मात्र ज्या हातांनी ते काम केले, त्यांचे श्रेय शंभर वर्षे दुसऱ्यालाच मिळत राहिले.

खरे-खोटे कसे ओळखतात?

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना स्क्रिमशॉ जमविण्याचा छंद होता. त्यांच्यामुळे १९६० च्या दशकात या वस्तूंना मोठी मागणी आली आणि पाठोपाठ नकलाही आल्या. कृत्रिम राळेच्या साच्यातून काढलेले ‘दात’ आजही अस्सल म्हणून विकले जातात. तज्ज्ञ पुढील गोष्टी पाहतात.

भिंगातून पाहणी : अस्सल हाडावर रक्तवाहिन्यांच्या मार्गांचे बारीक काळे ठिपके किंवा रेषा दिसतात. दातात ते नसतात, त्यात थर दिसतात. राळेत हवेचे बुडबुडे आढळतात आणि रंग सर्वत्र एकसारखा असतो.

अतिनील प्रकाश : दात आणि हाड त्यात निळसर पांढरे चमकतात. राळ बहुधा मंद दिसते.

झीज : खेळणे खरोखर वापरले गेले असेल तर ते जेथे हात लागतो तेथे झिजते. भोवऱ्याचे टोक, पाळण्याचा तळ, शिट्टीचे तोंड ही त्याची ठिकाणे. सर्वत्र सारखी झीज संशय वाढविते.

मालकीची साखळी : पत्र, मृत्युपत्रातील नोंद, जुने छायाचित्र, जहाजाच्या रोजनिशीतील उल्लेख यांपैकी काही असेल तरच कर्त्याचे नाव घेता येते. पहिल्या तीन कसोट्या वस्तू जुनी आहे एवढेच सांगतात. ती बापाने केली की नाही हे फक्त चौथी कसोटी सांगू शकते.

लाल गरम सुई टोचून पाहण्याची पद्धत ऐकिवात असली तरी तिच्यामुळे वस्तूला कायमची इजा होते. ती टाळलेलीच बरी.

कायद्याची चौकट

देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे आणि शिकारीमुळे त्याच्या अनेक जाती नष्ट होण्याच्या मार्गावर आल्या. अमेरिकेने १९७२ आणि १९७३ मध्ये केलेल्या कायद्यांनी त्याच्या अवयवांच्या व्यापारावर कडक निर्बंध आणले. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुराव्यानिशी सवलत मिळू शकते. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात स्पर्म व्हेलचा समावेश सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्यामुळे अशी वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात परवान्याशिवाय नेता येत नाही. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये देवमाशांना संरक्षण आहे. परदेशातील लिलावात किंवा दुकानात आवडलेले हाडाचे खेळणे सहज सामानात टाकून आणू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपल्या किनाऱ्यावरची घरे

‘बाबा बोटीवर आहेत’ हे वाक्य कोकणात आणि गोव्यात अनेक पिढ्यांनी म्हटलेले आहे. रत्नागिरीकडील खलाशी ब्रिटिश काळापासून परदेशी जहाजांवर गेले. गोव्यातील बोटीवरच्या लोकांसाठी मुंबईत धोबी तलाव आणि आसपास गावोगावचे ‘कूड’ उभे राहिले. दोन नोकऱ्यांमधला काळ ते तेथे काढीत. आज सागरी कामगार करार, २००६ मुळे सलग सेवा बारा महिन्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. तरीही २०२० मध्ये करोनाच्या साथीत जगभरातील सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते.

अशा घरांत बापाने किंवा आजोबांनी बोटीवर केलेली एखादी वस्तू असू शकते. बाटलीतील जहाज, दोराची गाठ, लाकडी होडी, काहीही. संग्रहालयांचा अनुभव सांगतो की, वस्तू टिकते आणि नाव हरवते. म्हणून करण्याजोगे काम साधे आहे. वस्तूचे छायाचित्र काढावे. ती कोणी, कोणत्या बोटीवर, कोणत्या साली आणि कोणासाठी केली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद वस्तूसोबत ठेवावा. न्यू बेडफर्डच्या कपाटातील कितीतरी भोवऱ्यांसोबत एवढा एक कागद असता, तर त्यांच्या कर्त्यांची नावे आज सांगता आली असती.